मनगटापासून तीन बोटं

भिगवण मागे पडलं की सोलापूर रस्त्याच्या डाव्या अंगाला उजनी धरणाचं पाणी डोकावायला लागतं आणि आत्याचं पळसदेव जवळ आल्याचं कळतं. आत्याच्या केमोच्या दिवसांत हा रस्ता मी इतक्यांदा केला की तिला कुठे काय होणार हे पाठ झालं होतं. पुण्याहून परतताना पाटसपर्यंत ती गप्प. कुरकुंभला काच खाली. भिगवणला तोंडाला पदर, आणि हॉटेलांतून तळलेल्या माशांचा वास आला की उमासे सुरू. जिनं उभा जन्म उजनीच्या चिलापीचं कालवण रांधलं, तिला त्याच वासानं कोरड्या ओकाऱ्या!

तिसऱ्या खेपेपासून आणखी विचित्र झालं. जातानाच, हडपसर आलं की तिला मळमळायला लागलं. औषध अजून बाटलीत, सुई टोचायला दोन तास अवकाश, तरी पोट ढवळून निघायचं. घरात कुणी म्हणालं, मनाचे खेळ आहेत. खेळ कसले? एकदा जिथे ओकाऱ्यांनी जीव हैराण झाला ती जागा, तो वास, तो रस्ता मेंदू विसरत नाही, आणि पुढच्या वेळी आधीच तयारीला लागतो. केमो घेणाऱ्यांत हा त्रास पुष्कळांना होतो आणि तो सुरू झाल्यावर नेहमीच्या गोळ्यांना फारसा जुमानत नाही.

वॉर्डातल्या एका सिस्टरनं तिला उपाय दाखवला. "आजी, पाटल्या वर सरकवा बरं." मग आत्याच्याच दुसऱ्या हाताची तीन बोटं मनगटाच्या घडीवर आडवी ठेवली. पहिलं बोट घडीला टेकलेलं, तिसरं बोट संपतं तिथे पेनानं ठिपका. मूठ वळून हात किंचित वाकवला की मधोमध दोन दोऱ्या वर येतात, त्या स्नायूंच्या कंडरा. ठिपका बरोबर त्यांच्या मध्ये. "इथे अंगठ्यानं दाबायचं, दोन-तीन मिनिटं. जड वाटलं पाहिजे, कळ नको." बोटं रोग्याचीच हवीत. आत्याची बोटं खुरपं धरून जाड झालेली; माझ्या बोटांनी मोजलं असतं तर ठिपका चुकला असता.

चिनी वैद्यकात या जागेला नेइग्वान म्हणतात, म्हणजे साधारण 'आतला नाका'. आपल्याकडचे उपचारक हिला पी-सहा म्हणतात. ॲक्युपंक्चरमध्ये इथे सुई घालतात. ती इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. भरीव आणि केसाहून थोडी जाड, एवढीच. नीट बसली की टोचल्यापेक्षा जड आणि मुंग्या आल्यासारखं वाटतं. खाली हाताचा मोठा मज्जातंतू असतो, त्यामुळे घरी सुईचे प्रयोग करायची ही जागा नव्हे.

माझा स्वभाव शंकेखोर. बांगड्या घातल्यानं म्हणे ॲक्युप्रेशर होतं, असल्या मोबाइलवरच्या ज्ञानाला मी हसतो. पण या ठिपक्याच्या मागे बरंच काम झालेलं निघालं. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी 1986 मध्ये छोट्या स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी आलेल्या बायकांवर हे तपासलं. ज्यांना पी-सहावर सुई दिली त्यांना नंतरच्या उलट्या कमी झाल्या. पुढे त्यांनी एक नामी गोष्ट केली: सुई घालायच्या आधी तीच जागा लिग्नोकेननं बधिर केली. उलट्यांवरचा गुण नाहीसा झाला. म्हणजे नुसत्या श्रद्धेचा मामला असता तर बधिर केल्यानं काय फरक पडणार होता? मज्जातंतूतून काहीतरी निरोप वर जात असणार. तो उलटीच्या केंद्रापर्यंत नेमका कसा पोचतो, यावर मात्र अजून वाद आहेत.

कॉक्रेन या संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवरच्या 59 चाचण्या आणि साडेसात हजारांहून जास्त रुग्ण एकत्र मोजले होते. खोट्या उपचारापेक्षा पी-सहा सरस ठरलं आणि उलटीच्या औषधांच्या तोडीस तोड आलं. चाचण्यांचा दर्जा सारखा नव्हता, हेही त्यात लिहिलं आहे. केमोसाठी 2000 सालची एक चाचणी लक्षात राहण्यासारखी आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या 104 स्त्रिया, केमोचा डोस भयंकर मोठा, उलटीची औषधं सगळ्यांनाच. नुसत्या औषधांवर पाच दिवसांत मध्यकानं 15 वेळा उलट्या. वरवर, भलत्याच जागी सुया घातल्या तर 10. आणि खऱ्या बिंदूंवर विजेचा मंद झटका देत सुया चालवल्या तर 5. उपचार थांबल्यावरच्या नऊ दिवसांत मात्र फरक उरला नाही. त्या मधल्या 10 चा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. कुणीतरी रोज येऊन बसतं, हात हातात घेतं, याचाही वाटा त्यात आहे. गरोदरपणातल्या ओकाऱ्यांवरच्या गुणाचा पुरावा याहून पातळ आहे.

हा रस्ता पुढे सोलापूरला जातो, आणि ॲक्युपंक्चर म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. इथे एक घोटाळा होतो. कोटणीस शल्यविशारद होते. 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, लढाईतल्या जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. सुया भारतात आणल्या त्या पथकातल्याच डॉ. बिजयकुमार बसूंनी. ते 1950 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, विद्या शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी उपचार सुरू केले. पुढे कोटणीसांच्या नावानं ॲक्युपंक्चरची रुग्णालयं निघाली, लुधियानाचं त्यांत प्रसिद्ध, म्हणून नाव चिकटलं. बसू बिचारे मागे राहिले. महाराष्ट्रात आता या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा सुई घ्यायचीच तर नोंदणी विचारावी आणि सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघते का ते पाहावं.

आत्याला सुई दिलीच नाही. केमोत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात, तेव्हा टोचण्यातून जंतू शिरण्याची, रक्त न थांबण्याची भीती असते. शिवाय तिच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन झालेलं, त्या हाताला इंजेक्शनसुद्धा नको असं सांगितलेलं. डॉक्टर म्हणाले, उजवा हात दाबा, गोळ्या वेळेवर घ्या. आणि पाणीही ठरेना, लघवी कमी झाली, तर दाबत बसू नका, या. छातीत दुखून मळमळलं तर दाबत बसणं नाहीच.

तिनं स्वतःचे नियम बसवले. मळमळ वर आल्यावर दाबून उपयोग नाही, आधीच दाबायचं. म्हणून यवत आलं की अंगठा मनगटावर. आलेपाकाची वडी गालात. आणि उन्हाळ्यात उजनी आटून पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं, तेव्हा ती पाण्याच्या कडेनं गाडी हळू घ्यायला लावायची आणि शिखराकडे टक लावून बसायची. गाडी लागते तेव्हा कान सांगतो हलतोय, डोळा सांगतो स्थिर आहोत. दूरच्या न हलणाऱ्या वस्तूनं दोघांचं भांडण मिटतं. आत्याचं म्हणणं वेगळं होतं: "लगीन होऊन आले तवा याच देवळात नारळ फोडला व्हता. मग पाणी आलं."

त्रास संपला का? नाही. आठाचा चारवर आला, तिच्याच हिशेबानं. पण गाडीत ती पुन्हा बोलायला लागली.

केमो संपून आता दीड वर्ष झालं. परवा तपासणीला नेलं. उसाच्या ट्रॉलीचं गाऱ्हाणं चालू होतं, सुनेचं चालू होतं. हडपसरचा पूल दिसला. बोलणं न थांबवता तिनं उजव्या हातातल्या पाटल्या वर सरकवल्या.