वास्तूची खरी परीक्षा

नवी सदनिका घेताना आपण दर्शनी रूप पाहतो, चौरस फुटांचा हिशेब करतो आणि हप्त्यांची जुळवाजुळव करतो. ती राहण्यास कशी आहे, हे मात्र पहिला उन्हाळा आल्यावरच कळते. कर्जाचा हप्ता कधीतरी फिटतो. विजेचे देयक मात्र वास्तू असेतोवर येतच राहते. म्हणूनच वापरात आलेल्या इमारतीचे मोजमापांनिशी परीक्षण करण्याला वास्तुकलेत मोठे महत्त्व आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील बेंगळुरूला निसर्गाने सौम्य हवामान बहाल केले आहे. तरीही तेथे काचेच्या बंदिस्त कार्यालयांची रीघ लागली. ऊन आत घ्यायचे आणि वीज जाळून त्याची उष्णता बाहेर काढायची, असा हा उफराटा व्यवहार! याच शहरात डोमलूर येथे ‘टेरी’ या संस्थेचे कार्यालय निराळ्या विचाराने उभे राहिले. त्याचे वास्तुविशारद संजय मोहे हे मुंबईच्या सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालयाचे स्नातक. जागेच्या दक्षिणेला दुर्गंधीयुक्त नाला आणि वाराही प्रामुख्याने तिकडूनच येणारा. खिडक्या उघडाव्यात तर दुर्गंधी, मिटाव्यात तर कोंदटपणा. मोहे यांनी दक्षिणेची भिंत बंद ठेवली, ती दुहेरी केली आणि बाहेरून काळा कडप्पा लावला. हा दगड उन्हाने तापतो, पोकळीतील हवा गरम होऊन वर निघून जाते आणि तिच्या जागी उत्तरेकडील ताजी हवा दालनांतून ओढली जाते. ऊनच पंख्याचे काम करते म्हणा ना!

योजना कागदावर सुंदर आहे. परंतु नकाशाला घाम येत नाही. म्हणून अशा कोणत्याही इमारतीत तापमानाच्या नोंदी ठेवाव्या लागतात, मेजावर पडणारा उजेड मोजावा लागतो आणि विजेचा वापर तपासावा लागतो. वर्षभराच्या युनिटांना क्षेत्रफळाने भागले की ऊर्जा निर्देशांक मिळतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोने 2009 मध्ये कार्यालयीन इमारतींसाठी सुरू केलेले तारांकन याच निर्देशांकावर आधारलेले आहे.

हा हिशेब घरीही करता येतो. 80 चौरस मीटरच्या सदनिकेत वर्षाला 2,400 युनिटे लागत असतील, तर निर्देशांक 30 झाला. मात्र नुसत्या आकड्यावर विसंबू नये. घरातील माणसे उकाडा सोसत असतील, तरीही तो कमीच येईल! वापरणाऱ्यांना विचारल्याविना परीक्षण पुरे होत नाही. वस्ती असलेल्या इमारतीत सदनिका घेण्यापूर्वी सर्वांत वरच्या मजल्यावरील, पश्चिमेकडच्या रहिवाशाला भेटावे. मे महिन्याचे देयक किती आले आणि दुपारी त्या खोलीत बसवते का, एवढे दोनच प्रश्न त्यांना विचारावेत.