वैमानिकाची संथा

गेल्या दिवाळींत आमची नात रावेरास चार दिवस राहून गेली. सख्खी नव्हे, पुतण्याची मुलगी. परंतु आमच्या घरीं हा भेद कोणी करीत नाहीं. ती विमान चालविण्याची विद्या शिकत आहे. खानदेशांत ही गोष्ट आतां पूर्वींइतकी अपूर्व राहिलेली नाहीं. धुळें व शिरपूर येथें या विद्येच्या शाळा निघाल्या, जळगांवास २०१२ सालीं नवा विमानतळ झाला, आणि केळीच्या बागेंत पाणी देणारा गडीही डोक्यावरून लहान विमान गेलें म्हणून आतां हातचें काम टाकीत नाहीं. नातीची शाळा मात्र दूर, परप्रांतांत आहे. खासगी परवान्यास वयाचीं १७ वर्षें पूर्ण व उड्डाणाचे किमान ४० तास लागतात. त्याखेरीज बिनतारी यंत्रावर बोलण्याची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. बोलण्याचीही परीक्षा असते हें ऐकून आम्हांस हसूं आलें. तिनें पुढें जी हकीकत सांगितली तिनें तें मावळलें.

एके सकाळीं ती शिक्षकांसह विमान जमिनीवरून हळूहळू धावपट्टीकडे नेत होती. मनोऱ्यांतून इंग्रजींत आज्ञा आली, ‘धावपट्टी सत्तावीसच्या अलीकडे थांबा.’ तिनें उत्तर दिलें, ‘रॉजर’, आणि विमान तसेंच पुढें नेलें. तिच्या कानांत ‘सत्तावीस’ हा आंकडा तेवढा शिरला होता. ‘थांबा’ हें क्रियापद बाहेरच राहिलें. शिक्षकांनीं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. विमान रेघेवर थांबतें न थांबतें तोंच दुसरें एक विमान समोरून उतरून गेलें.

मनोऱ्यांतील गृहस्थांनींही त्या एका ‘रॉजर’वर समाधान मानलें होतें, ही दुसरी चूक. ‘रॉजर’ याचा अर्थ ‘तुमचें बोलणें पोंचलें’ एवढाच. ‘होय’ नव्हे, आणि ‘तसें करतों’ तर नव्हेच. धावपट्टीवर जाणें, ती ओलांडणें, तिच्या अलीकडे थांबणें, उंची, दिशा यांविषयींची आज्ञा वैमानिकानें उलट म्हणून दाखवावी, नियंत्रकानें ती कान देऊन ऐकावी आणि चुकल्यास तेथल्या तेथें सुधारावी, असा जगभर नियम आहे. त्यास रीडबॅक म्हणतात. आम्ही म्हणालों, ‘अग, ही तर संथा!’ गुरूनें म्हणावें, शिष्यानें म्हणावें, आणि गुरूनें ऐकावें. यांतील शेवटचें काम सर्वांत कंटाळवाणें. अडतीस वर्षें वर्गांत तें आम्हीं नेहमीं केलें असें छातीवर हात ठेवून आम्हांस सांगवत नाहीं.

हीच चूक आकाशांत झाली तर काय होतें, हें आपल्या देशानें पाहिलें आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं दिल्लीहून निघालेलें सौदी विमान वर चढत होतें. त्यास १४,००० फुटांची मर्यादा घातलेली होती. कझाकस्तानचें विमान दिल्लीकडे उतरत होतें. त्यानें १५,००० फुटांवर राहावयाचें होतें. समोरून १४,००० वर विमान येत आहे, अशी सूचनाही नियंत्रकानें त्यास दिली. तरी तें खालीं आलें, आणि हरियाणांतील चरखी दादरीवर दोहोंची टक्कर होऊन ३४९ माणसें गेलीं. एकही वांचलें नाहीं. न्यायमूर्ति लाहोटी यांच्या चौकशींत दोष कझाक चालकांकडे आला. त्या विमानांत मनोऱ्याशीं बोलणारा माणूस निराळा होता, उंचीचें यंत्र त्याच्या पुढ्यांत नव्हतें, आणि चालकांचें इंग्रजी तोकडें. सूचनेंतील १४,००० हा आंकडाच आज्ञा म्हणून घेतला गेला असावा, असा तर्क कित्येकांनीं केला आहे. नातीचें ‘सत्तावीस’ ऐकल्यापासून आम्हांस तो पटूं लागला आहे.

शब्द पुरे ऐकूनही अर्थ निसटतो, त्याचें उदाहरण टेनेरिफ बेटावरचें. २७ मार्च १९७७ रोजीं दाट धुक्यांत एका डच जंबो विमानाच्या वैमानिकानें सांगितलें, ‘आम्ही आतां ॲट टेकऑफ आहों.’ त्याच्या मनांत, ‘उड्डाण करीत आहों’; मनोऱ्यानें घेतलें, ‘उड्डाणाच्या जागीं उभे आहों.’ मनोरा ‘ओके’ म्हणाला. त्यापुढील ‘थांबा, मी बोलावीन’ हे शब्द, त्याच क्षणीं पट्टीवरचें अमेरिकन विमानही बोलूं लागल्यामुळें, शिट्टीसारख्या आवाजांत बुडाले. त्या टकरींत ५८३ माणसें मेलीं. आम्हांस त्वष्ट्याची कथा आठवली. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्यानें होम केला, परंतु ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्रच ज्याला मारणार असा वृत्र जन्मला. पतंजलींनीं महाभाष्याच्या आरंभींच ही गोष्ट काढली आहे. आमचे विद्यार्थी तिला भाकडकथा म्हणत. टेनेरिफनंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देतांना वा ती रद्द करतांनाच उच्चारावा, एरवीं ‘डिपार्चर’ म्हणावें, असें ठरलें.

नात म्हणाली, ‘आजोबा, खरें सांगूं? मला कळलें नाहीं हें मला कळलें होतें.’ मग ‘पुन्हा सांगा’ कां म्हणाली नाहींस? तर त्या लहरीवर दहा जण ऐकत असतात, मोठमोठ्या विमानांचे कप्तान असतात, मनोऱ्यांतील आवाज घाईचा असतो, लाज वाटली. हें उत्तर आम्हीं मागील बाकांवरून हजारदां ऐकलें आहे, फक्त तेथें कोणाचा जीव जात नसे.

तिनें ही गोष्ट घरीं सांगितली नव्हती. मग रोज संध्याकाळीं ओटीवर बसून आम्ही मनोरा झालों व ती विमान. तिनें लिहून दिलेल्या आज्ञा आम्हीं आमच्या मॅट्रिकच्या इंग्रजींत वाचाव्या, तिनें उलट म्हणाव्या. तीनला ‘ट्री’, पांचाला ‘फाइफ’, नवाला ‘नाइनर’ म्हणतात. यंत्राच्या खरखरींत आंकड्यांची गल्लत होऊं नये म्हणून. आमचीं मंडळी आंतून विचारीत, ‘दिवे लावूं का?’ तर हीच आधीं म्हणे, ‘रॉजर’, आणि जीभ चावून सबंध वाक्य उलट म्हणे.

चौथ्या दिवशीं तिनें आपण होऊन पुतण्यास फोन लावला आणि सारें सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानें आम्हांस विचारलें, ‘काका, तुम्हांला हें ठाऊक होतें?’ आम्हीं होय म्हटलें. ‘तिला द्या,’ तो म्हणाला, आणि तिला एवढेंच विचारलें कीं, त्या मनोऱ्यानें त्या दिवशीं नेमकें काय सांगितलें होतें. तिनें तें अगदीं सावकाश, क्रियापदासकट, दोनदां म्हणून दाखविलें.