नशेत अडकलेल्या मुलाला ईदी काय द्यावी?

ईदच्या नमाजनंतर मामू, चाचा, खाला सगळेच ईदी देतात. पण घरातला पंचविशीचा मुलगा एमडी किंवा गर्दच्या नशेत अडकला असेल, तर त्या नोटा संध्याकाळपर्यंत विकणाऱ्याच्या खिशात जातात. मग त्याला काहीच देऊ नये का? तसे नाही. चारचौघांतला अपमान त्याला घरापासून आणखी तोडतो.

सूरह निसाच्या 5 व्या आयतीत मार्ग आहे. ज्याला माल सांभाळता येत नाही, त्याच्या हाती तो सोपवू नये. पण त्यातून त्याला खाऊ घालावे, कपडे द्यावेत आणि भल्या शब्दांत बोलावे.

म्हणून चाँदरातीपूर्वीच आपण त्याला एकट्याला बसवून सांगू या, की यंदा रोख नाही. नातेवाइकांनाही रोख देऊ नका एवढेच कळवावे. कारण सर्वांना सांगायची गरज नाही. त्याच्या मापाचा कुर्ता शिवावा, चपला घ्याव्यात. मोबाइल, घड्याळ नको. ते लगेच विकले जाते. शीरखुर्मा घेताना त्याला शेजारी बसवावे, टोमणा मारू नये.

नशा हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. 14446 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर पालकही विचारू शकतात. सुटी संपताच त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जाऊ या. ती ईदी त्याच्या खऱ्या कामाची.