ढोलीतली बाळंतीण

बसा रे पोरांनो. भातखाचराच्या बांधावर दुभंगल्या शेपटीचा कोतवाल पाहिलात ना? नांगरणीत उडालेले किडे तो हवेतच टिपतो. त्याच्यासारख्यांना बसायला जागा हवी म्हणून तर शेतात पक्षिथांबे उभारायला सांगतात. रात्री उंदरांचा समाचार गव्हाणी घुबड घेतं.

पण आजची गोष्ट धनेशाची. कुणी त्याला ककणेरही म्हणतं. महाराष्ट्रात त्याच्या 4 जाती. त्यातला काळापांढरा मलबारी कवड्या धनेश आपल्या संगमेश्वर-देवरुखकडे देवरायांत दिसतो.

चोच केवढी थोरली, पण सुतार पक्ष्यासारखं खोड पोखरणं काही तिला जमत नाही. आयती ढोली लागते, तीही मादी मावेल एवढी. ती कुठे मिळणार? बेहड्यात, सातविणीत, नाहीतर पणजोबांच्या वेळच्या रायवळ आंब्यात. शिमग्याच्या आगेमागे मादी आत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर, माती यांनी दार लिंपून घेते. चोचीपुरती फट तेवढी उरते. आत ती पंखांची पिसंही गाळते, म्हणजे उडायची सोयच नाही. मग सगळी भिस्त नरावर. तो येतो, खोडाला बिलगतो, मान झटकतो आणि घशातून एकेक उंबर वर काढून फटीतून आत देतो. एक झालं की दुसरं, मग तिसरं. या दिवसांत नर मेला, तर आतल्या बाळंतिणीचे आणि पिल्लांचे हाल कुत्रा खात नाही.

उंबराच्या बारीक बिया त्याच्या पोटातून शाबूत बाहेर पडतात, मोठ्या बिया तो ओकून टाकतो, त्याही मूळ झाडापासून लांब. एवढी मोठी बी गिळून दूर नेणारी पाखरं आपल्या रानात थोडीच. अशी देवराई नव्याने रुजत राहते, आणि मोहोरावर येणाऱ्या माश्यांना, मधमाश्यांना बाकीचे महिने तिथेच थारा मिळतो. हापूसला फळ धरतं ते त्यांच्याच जिवावर.

सगळीच पाखरं बागेच्या फायद्याची, असं मात्र मी म्हणणार नाही. कलमांवरच्या बांडगुळाची चिकट बी फांदीला फुलटोचाच लावून जातो. बांडगूळ वेळेवर काढावं, पाखरावर राग धरू नये.

नव्या कलमांसाठी जागा करताना पहिली कुऱ्हाड पडते ती जुन्या पोकळ झाडावर. तशी ढोली व्हायला पिढ्या जातात. म्हणून घरी सांगा, लाकडाच्या व्यापाऱ्याला बोलावण्याआधी खोड नीट निरखा. लिंपलेली फट आणि बुंध्याशी बियांचा सडा दिसला, तर ते झाड राखा.