जंबुपार प्रकाशाचे वर्णपटलेखक

चंद्रपूर-गडचिरोलीकरांना उन्हाची ओळख करून देण्याचे धाडस मी करणार नाही. पण या उन्हातील ३००० अँगस्ट्रॉमहून आखूड लहरी, म्हणजे जंबुपार किरणांचा मोठा भाग, ओझोन व हवा वरच्यावर गिळतात. हे आपल्या कातडीचे भाग्य आणि ज्योतिर्विदांचे दुर्दैव! कारण हायड्रोजन, कार्बन यांच्या ठळक रेषा तेथेच उमटतात. हायड्रोजनची मुख्य रेषा १२१६ अँगस्ट्रॉमवर आहे. ती वाचण्यासाठी दुर्बीण हवेबाहेर न्यावी लागते.

भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट'वर अशी जोडदुर्बीण बसविली. तिच्या उभारणीत पुण्याच्या 'आयुका'चाही वाटा होता. आरसे अवघे साडेसदतीस सेंटिमीटरांचे. अमेरिकेच्या 'हबल'चा आरसा २.४ मीटरांचा, म्हणजे चाळीसपट प्रकाश गोळा करणारा. मग या धाकटीचे काम काय?

ताडोब्यातल्या मचाणावरून सारा पाणवठा एका नजरेत येतो. पण वाघाच्या पंजाचे माप घ्यायचे तर खाली उतरून एकाच ठशापाशी बसावे लागते. ॲस्ट्रोसॅटचे विवर्तन जालक मचाणावरचे. त्याला फट नाही. जवळजवळ चंद्रबिंबाएवढ्या आकाशातील ताऱ्यांचे वर्णपट ते एकदम टिपते, मात्र सुमारे १५ अँगस्ट्रॉमहून बारीक भेद त्याला दिसत नाही, आणि दाट गर्दीत वर्णपट एकमेकांवर पडतात. हबलवर १९९७ साली बसविलेला 'स्टिस' अरुंद फटीतून एकच ज्योती घेतो आणि हजारपट सूक्ष्म भेद दाखवू शकतो. परंतु प्रकाश इतका पातळ पसरला की मंद ज्योतीचे काय उरणार? शिवाय प्रत्येक परावर्तनात जंबुपार किरणांची मोठी गळती होते. म्हणून २००९ साली आलेल्या 'कॉस'मध्ये दूर-जंबुपार किरण दुर्बिणीतून आल्यावर एकदाच परावर्तित होतात, तेही थेट जालकावर. सूक्ष्मता पाचसहा पटींनी सोडून त्याने मंद क्वासार हाती आणले.

तरी थोरल्या आरशाचीच नेहमी सरशी होते असे नाही. २०२० साली आयुकाचे कनक साहा व सहकारी यांनी ९३० कोटी प्रकाशवर्षांवरील दीर्घिकेतून निसटलेले प्रखर जंबुपार किरण ॲस्ट्रोसॅटने टिपल्याचे जाहीर केले. वर्णपट पाडून नव्हे, साध्या गाळण्या लावून! हबलपेक्षा तिच्या संवेदकातील पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी, हेच येथे कामी आले. ते वेध ऑक्टोबर २०१६ मधले. पुढे २०१८ साली दोन जंबुपार वाहिन्यांपैकी एक बंद पडली.