मोडीतला व्हिडिओ कॅमेरा

कुसगावच्या भंगाराच्या दुकानांत जुना व्हिडिओ कॅमेरा किलोवर जातो. तराजूत पडला की त्याची किंमत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांच्या भावाने ठरते. ज्या अवयवांसाठी एके काळी लग्नाचे चित्रण करणाऱ्या एखाद्याने पतपेढीतून कर्ज काढले होते, त्या अवयवांचा भाव शून्य. लोणावळ्याच्या ह्या बाजूला मुंबईकरांचे बंगले पुष्कळ आणि त्यांची अडगळही पुष्कळ. त्यामुळे हा माल आमच्या दृष्टीस सतत पडतो. आम्ही विजेच्या विद्येचे पदवीधर नव्हे. आमचे आयुष्य कारखान्यांच्या दारांत, करारांच्या मसुद्यांत आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर गेले. परंतु मावळातील एक कारखाना बंद पडला आणि हातांत कसब असलेली माणसे घरी बसली, तेव्हा युनियनच्या कचेरीतल्या टेबलावर त्यांच्या संगतीने हे कॅमेरे उघडण्याचा उद्योग आम्ही आरंभला. त्यातून जे कळले ते श्रोत्यांपुढे मांडीत आहोत.

‘कॅमेरा गेला’ असे आपण सहज म्हणतो. गिरणीचा पट्टा तुटला म्हणून जाते निकामी झाले, असे मात्र कोणी म्हणत नाही. व्हिडिओ कॅमेरा म्हणजे वास्तविक चार-पाच यंत्रे एका डब्यात कोंबलेली असतात : प्रकाश गोळा करणारे भिंग, त्या प्रकाशाची वीज करणारा डोळा, चित्र दाखवणारा चिमुकला पडदा, आवाज घेणारा मायक्रोफोन, आणि हे सारे टेपवर लिहून ठेवणारी फिरती यंत्रणा. ह्यांपैकी आधी मरते ती बहुधा शेवटची, कारण जे हलते ते झिजते. व्ही. एच. एस. पद्धतीच्या मोठ्या यंत्रात टेप एका तिरक्या दंडगोलाभोवती ओढली जाते आणि तो दंडगोल आपल्याकडे सेकंदाला २५ फेरे घेतो. त्याच्या कडेवरील चुंबकीय टोके केसाचाही धक्का सोसत नाहीत. रबराची चाके कडक होतात, प्लास्टिकचे दाते तुटतात, आणि ते सुटे भाग आता कोणी बनवीत नाही. व्ही. एच. एस. कॅसेट चालवणारी यंत्रे बनवणारी अखेरची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैअखेर ते उत्पादन थांबवले.

दुसरा शत्रू आमच्या हवेतच आहे. ह्या डोंगरावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने कपडे वाळत नाहीत, तेथे भिंगाची काय कथा! आत बुरशीची जाळी धरते. टेपच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत दव ओळखणारा एक लहानसा भाग बसवलेला असे. आत ओल धरली की यंत्र आपण होऊन अडून बसे, कारण ओल्या दंडगोलाला टेप चिकटली तर ती फाटते. मालकाला वाटे, बिघडला. कोरड्या खोलीत दोन दिवस झाकण उघडे ठेवताच चालू लागलेला कॅमेराही आमच्या टेबलावरून गेला आहे. दमट हवेपुढे मोठमोठ्यांनी हात टेकले आहेत. काही वर्षांत बनलेल्या आपल्या कॅमेऱ्यांच्या डोळ्यांतील सूक्ष्म तारांचे सांधे उष्ण व दमट हवेत सुटतात, असे २००५ साली सोनी कंपनीनेच जाहीर करून ते विनामूल्य दुरुस्त करून दिले होते.

तिसरा रोग कपॅसिटरचा. १९९० च्या आगेमागे बनलेल्या कॅमेऱ्यांत हे चिमुकले डबे सर्किटवर चिकटवलेले असत. त्यांतील द्रव कालांतराने पाझरतो आणि खालच्या तांब्याच्या रेषा खातो. सोल्डरिंगची तापलेली सळई जवळ नेली की खारवलेल्या मासळीसारखा वास येतो, तो आला म्हणजे निदान झाले. जागा अल्कोहोलने स्वच्छ करून, पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळणारे नवे कपॅसिटर बसवले तर कित्येक कॅमेरे पुन्हा बोलू लागतात. काम बारीक आहे. पण ज्याने तीस वर्षे टूलरूममध्ये शतांश मिलिमीटर जपला, त्याला ते जड नाही.

आता डोळ्याविषयी. विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ ह्या दोघांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. सी. डी. हा प्रकार शोधून काढला. त्याबद्दल ४० वर्षांनी, २००९ साली, त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सिलिकनच्या नखाएवढ्या चकतीवर लाखो खळगे असतात. ज्या खळग्यावर जेवढा प्रकाश पडेल तेवढी वीज त्यात साचते. मग ती वीज बाहेर कशी काढावयाची? स्लॅब टाकताना मजुरांची रांग घमेली हातोहात पुढे देते, तसा प्रत्येक खळगा आपला भार शेजाऱ्याला देत जातो आणि रांगेच्या टोकाला प्रत्येक घमेले मोजले जाते. हा डोळा टेप चालो वा न चालो, बघतच असतो. कॅमेऱ्याच्या पिवळ्या भोकातून तार काढून टी. व्ही.ला जोडली की चित्र उमटते. ज्या कॅमेऱ्याची टेपयंत्रणा ठार मेली आहे त्याचाही हा उपयोग शिल्लक राहतो.

ह्या उपयोगांत आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला तो सूक्ष्मदर्शकाचा. एखादे सुटे भिंग उलटे करून कॅमेऱ्याच्या तोंडासमोर नीट धरले, की लहान वस्तू पडदाभर दिसते. इंद्रायणी तांदळाच्या रोपावरील खोडकिडीची अंडी, पाण्याच्या पिंपातली डासाची अळी, घड्याळाचे दाते, सोल्डरचा फुटलेला सांधा, काहीही पाहावे. पडदा मोठा असल्याने चाळीस मुले एकदम पाहतात आणि कोणाला रांगेत उभे राहावे लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत कुलूपबंद असलेल्या सूक्ष्मदर्शकापेक्षा हा बिनकुलपाचा आम्ही श्रेष्ठ मानतो.

ह्या डोळ्याला आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो. तो अडवण्यासाठी समोर एक निळसर काच बसवलेली असते. टी. व्ही.चा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबून पाहावी. काच असूनही टोकाशी ठिणगी लुकलुकताना दिसेल. ती काच काढली आणि बाजूला अवरक्त दिवे लावले, तर काळोखातले चित्र मिळते. भातखाचरात रानडुकरे शिरतात त्या बांधावर असा डोळा उभा करता येतो. अर्थात दिवसा त्याचे रंग विचित्र दिसतात, हेही सांगितले पाहिजे.

जुन्या कॅमेऱ्यात डोळा लावून पाहण्याचा जो पडदा असे, ती अंगठ्याएवढी काचेची चित्रनळी असे : टी. व्ही.ची नात म्हणावी अशी. आपल्याकडील पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार करा, सेकंदाला १५,६२५ रेषा ती नळी आखते. तिला लागतात मुख्यतः तीन तारा : वीज, जमीन आणि सुमारे एक व्होल्टाचा चित्रसंकेत. कॅमेरा चालू असतानाच मीटर लावून कोणत्या तारेवर काय आहे ते टिपून ठेवावे. मेल्यावर नाडी पाहण्यात अर्थ नसतो. ही नळी वेगळी काढली तर दुरुस्तीवाल्याला खिशात मावणारा टी. व्ही. मिळतो. मात्र आत दोन हजार व्होल्टांच्या आसपास दाब असतो आणि नळीत निर्वात पोकळी असते. मान तुटली तर काच आत कोसळून उडते. मुलांच्या हाती ती देऊ नये.

हा सारा खटाटोप गरिबांचा पोरखेळ आहे, असे कोणी म्हणेल. मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट लग्नाच्या व्हिडिओच्या साधनांनी केला, आणि त्या गावच्या चित्रपटकारांनी कॅमेरा सरकवण्यासाठी सायकल व वर नेण्यासाठी बैलगाडी वापरली, हे जगाने पुढे कौतुकाने पाहिले. त्यांच्या ‘सुपरमॅन’चे काम करणारा तरुण यंत्रमागावरचा कामगार होता.

भंगाराच्या दुकानात हाच कॅमेरा हातोड्याने फुटतो. तांब्यासाठी तारा जाळतात, धूर बायकापोरांच्या नाकांत जातो. युरोपात जुलै २००६ पासून अशा वस्तूंत शिशाचे सोल्डर वापरण्यास बंदी आली. त्यापूर्वीच्या मालात शिसे आहे असेच धरून चालावे आणि काम झाल्यावर जेवणापूर्वी हात धुवावेत. जुन्या बॅटऱ्यांत कॅडमियम किंवा शिसे असते, नव्यांत लिथियम. फुगलेली बॅटरी टोचू नये, कापू नये. कचरा वेचणाऱ्यांनाही संघटना आणि मानाची मजुरी हवी, हे पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने प्रत्यक्ष करून दाखवले, आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. ज्या हातांतून वस्तू प्रथम जाते त्या हातांना तिच्यातले मोल आणि तिच्यातले विष, दोन्ही ओळखता आली तर मधल्या दलालाचा नफा कमी होईल. आमच्या मते ह्या विषयाचे खरे अर्थशास्त्र तेवढेच आहे.

एका गोष्टीवरून मात्र आमच्या टेबलाभोवती कडाक्याचा वाद झाला. दोन कॅमेरे अजून कॅसेट वाजवतात. आमचे एक जुने सहकारी म्हणाले, “भाऊ, हेही उघडू. मोटार, भिंग, नळी विकली तर दोघांच्या घरचा किराणा येईल. टेप बघून कुणाचं पोट भरलंय?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, त्यांच्या घरी तेव्हा खरोखर किराणा नव्हता. पण युनियनच्या कपाटात संपाच्या काळातल्या गेट मीटिंगच्या कॅसेट आहेत. करारातली कोणती कलमे कोणी मोठ्याने वाचली, कोणी हात वर केले, हे त्यांत आहे. त्यांतले निम्मे लोक आज नाहीत. एकाच्या मुलीने बापाचा आवाज जन्मात ऐकलेला नाही. कागदावरच्या करारावर व्यवस्थापनाची सही असते; ह्या टेपांवर माणसे आहेत. शेवटी ठरले ते असे : गावातल्या सगळ्या कॅसेट संगणकात उतरवून होईपर्यंत ह्या दोन कॅमेऱ्यांना पेचकस लागणार नाही, आणि कॅसेट उतरवून घेणाऱ्याने ऐपतीप्रमाणे जे द्यावे ते त्या सहकाऱ्यांच्याच हाती जाईल. ते आता रोज संध्याकाळी दंडगोल पुसतात.

कॅसेट आणावयाच्या असतील त्यांनी मे महिन्यातच आणाव्यात. पावसात आम्ही त्या उघडीत नाही. डबीच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ‘चालते का बघू’ म्हणून ती कोणत्याही यंत्रात घालू नये, कारण ती बुरशी दंडगोलावर बसते आणि पुढच्या घरच्या कॅसेटला लागते. लाऊडस्पीकरच्या शेजारी ठेवू नये. आणि कॅसेट कोणत्या कॅमेऱ्यावर घेतली होती हे आठवत असेल, तर चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.