पहिल्या दहा मतांचं वजन

रेडिट या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर कुठली बातमी वर राहणार, हे कित्येक वर्षं जेमतेम एका ओळीच्या गणिताने ठरत होतं. त्या गणितात पहिल्या दहा मतांना जेवढी किंमत, तेवढीच पुढच्या नव्वद मतांना आणि तेवढीच त्यापुढच्या नऊशे मतांना. दहा मतांना एक गुण, शंभराला दोन, हजाराला तीन. (शाळेत लॉगची कोष्टकं पाहून ज्यांच्या पोटात गोळा यायचा, त्यांना ती पुढे कुठे कामाला लागली हे कळून बरं वाटेल.) वेळेचाही भाव ठरलेला. ४५,००० सेकंदांना, म्हणजे साडेबारा तासांना, एक गुण. सकाळी सहाला आलेल्या बातमीला शंभर मतं पडली असतील, तर संध्याकाळी साडेसहाला आलेली बातमी नुसत्या दहा मतांवर तिच्या बरोबरीला येते.

खरी गंमत पुढे आहे. बातमी शिळी होईल तसे तिचे गुण कमी करत जावेत, असंच कुणालाही आधी सुचेल. पण मग साठलेल्या सगळ्या बातम्यांचे गुण दर मिनिटाला नव्याने मोजत बसावं लागेल. रेडिटने उलटं केलं. जुन्या बातमीचे गुण कमी करायचेच नाहीत, नव्या बातमीला जन्मतःच जास्त द्यायचे. डिसेंबर २००५ मधल्या एका ठरावीक क्षणापासून बातमी येईपर्यंत किती सेकंद उलटले ते मोजायचं, ४५,००० ने भागायचं आणि ते गुण तिच्या पदरात टाकून मोकळं व्हायचं. नवं मत पडेपर्यंत त्या आकड्याला पुन्हा हात लावायची गरज नाही. कुणी खाली उतरत नाही, मागून येणारे जास्त उंचीवर जन्माला येतात, एवढंच. संगणकाच्या जगात इतकी देखणी काटकसर मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

वाचकांनीच बातम्या आणायच्या, वाचकांनीच त्या वर-खाली करायच्या आणि वाचकांनीच त्यांवर भांडायचं, ही कल्पना रेडिटची नव्हे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात रॉब माल्डा या तरुणाने स्लॅशडॉट हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे बातम्या संपादक निवडत, पण प्रतिक्रियांचा पूर इतका वाढला की माल्डाने नियमित वाचकांनाच पंच करून टाकलं. पंचाची नेमणूक यंत्र करी. हातात पाच गुण मिळत आणि ते तीन दिवसांत वापरले नाहीत तर विरून जात. ज्या चर्चेत आपण बोललो, तिथे निवाडा करायला मनाई. प्रत्येक प्रतिक्रिया उणे एक ते पाच या पट्टीवर, आणि नुसता आकडा नाही तर शेराही: मार्मिक, माहितीपूर्ण, भडकाऊ. मराठीतल्या ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळावर प्रतिसादांना ‘मार्मिक’ किंवा ‘खोडसाळ’ अशी श्रेणी देणाऱ्यांना हा थाट ओळखीचा वाटेल. पुढे पंचांवरही पंच नेमले गेले.

१९९९ च्या अखेरीस रस्टी फॉस्टर यांनी कुरोशिन काढलं आणि बातमी छापायची की नाही, हेसुद्धा वाचकांच्या मतावर सोडलं. त्यासाठी त्यांनी लिहिलेली ‘स्कूप’ ही प्रणाली सर्वांना खुली होती. ‘डेली कॉस’ या अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक बाजूच्या राजकीय व्यासपीठाने २००३ मध्ये तीच उचलली, आणि तंत्रज्ञांच्या गप्पांसाठी बांधलेल्या घरात निवडणुकांचं राजकारण राहायला आलं.

आता बातम्यांखालच्या वादाकडे, म्हणजे प्रतिक्रियांकडे, वळू. एका प्रतिक्रियेला दोन मतं पडली, दोन्ही अनुकूल. दुसरीला शंभर पडली, त्यांतली नव्वद अनुकूल. वर कोणती ठेवायची? टक्केवारी लावली तर पहिली शंभर टक्के, म्हणजे तीच जिंकते. पण नव्या खानावळीत जेवून आलेल्या दोन मित्रांनी वाहवा केली, म्हणून गावातल्या जुन्या खानावळीपेक्षा ती चांगली ठरत नाही. यावरचा तोडगा १९२७ मध्ये एडविन विल्सन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने दिला होता, तेव्हा संगणकसुद्धा नव्हता. आजवरची मतं पाहता खरी टक्केवारी कमीत कमी किती असेल, हे त्याचं सूत्र सांगतं. ९५ टक्के खात्रीची अट घातली तर दोनपैकी दोनवालीच्या वाट्याला ३४ टक्के येतात आणि शंभरपैकी नव्वदवालीच्या वाट्याला जवळजवळ ८३. रेडिटने २००९ मध्ये प्रतिक्रियांसाठी हीच पद्धत घेतली. त्याआधी चर्चेत लवकर येऊन बसलेल्याची प्रतिक्रिया वरच चिकटून राहायची, कारण वर असलेलीच लोक वाचतात आणि वाचलेलीलाच मत देतात. विल्सनच्या सूत्रामुळे उशिरा आलेल्या शहाण्यालाही संधी मिळाली.

तरीही मत देणारा शेवटी माणूसच. लेव्ह मुखनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर या संशोधकांनी अशाच एका बातम्यांच्या ठिकाणी पाच महिने एक प्रयोग केला आणि २०१३ मध्ये तो ‘सायन्स’मध्ये छापला. एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काही निवडल्या आणि जन्मतःच त्यांना एक खोटं अनुकूल मत देऊन ठेवलं. फक्त एक. पुढच्या पहिल्या वाचकाने त्यांना अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटी त्यांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले. काहींना खोटं प्रतिकूल मतही दिलं होतं, पण तिथे वाचकांनी धावून येऊन ते भरून काढलं. म्हणजे नाहक निंदा आपण दुरुस्त करतो, नाहक स्तुती मात्र गोड मानून घेतो. याहून मोलाचा तपशील असा की हा कळपाचा परिणाम सगळीकडे सारखा नव्हता. राजकारण, समाज-संस्कृती आणि उद्योग या विषयांत तो ठळक दिसला, अर्थशास्त्र आणि माहिती-तंत्रज्ञानात नाही. आपण ज्या विषयावर सर्वांत ठाम असतो, तिथेच शेजाऱ्याने आधी काय केलं ते पाहून हात वर करतो! काही ठिकाणी प्रतिक्रियेचे गुण सुरुवातीचा काही काळ झाकून ठेवतात, ते यासाठीच.

भांडणाचं काय करायचं, हाही गणितातच घेतलेला निर्णय असतो. हॅकर न्यूज या तंत्रज्ञांच्या बातम्यांच्या ठिकाणी मतांच्या मानाने प्रतिक्रिया फार झाल्या की यंत्र समजतं इथे हातघाई चालू आहे, आणि ती बातमी खाली ढकलतं. फेसबुकने २०१७ मध्ये नेमकं उलट केलं होतं. रागावलेल्या चेहऱ्यासह सगळ्या भावचिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिलं. रागाचं वजन शून्यावर आणायला २०२० उजाडलं. माणसं दोन्हीकडे तीच. हॅकर न्यूजने डिसेंबर २०१६ मध्ये आठवडाभर राजकारणच वर्ज्य करून पाहिलं, पण कशाला राजकारण म्हणायचं यावरच वाद पेटला आणि प्रयोग मध्येच आवरावा लागला.

मला सर्वांत थक्क केलं ते तैवानने. मार्च २०१४ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी चीनशी होणाऱ्या व्यापार-कराराविरुद्ध संसद तीन आठवड्यांहून अधिक काळ ताब्यात ठेवली. त्यानंतर ‘गव्ह-झीरो’ या संगणकप्रेमींच्या गटाने सरकारच्या सोबतीने ‘व्ही-तैवान’ हे चर्चेचं व्यासपीठ उभं केलं. २०१५ मध्ये उबरचा प्रश्न तिथे आला. चर्चेसाठी वापरलेल्या ‘पोलिस’ या प्रणालीत उत्तर द्यायचं बटणच नव्हतं. आपलं म्हणणं एका वाक्यात मांडायचं आणि इतरांच्या वाक्यांवर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ म्हणायचं, बस. कुणाची मतं कुणाशी जुळतात हे पाहून यंत्र सगळ्यांना एका नकाशावर बसवतं. आधी अपेक्षेप्रमाणे दोन तट दिसले, उबरवाले आणि टॅक्सीवाले. पण उलट बोलायची सोयच नसल्याने दोन्ही तटांना पटतील अशी वाक्यं रचण्यातच लोकांना चुरस वाटू लागली. प्रवाशांचा विमा हवा. या निमित्ताने टॅक्सी-व्यवसायानेही आपली सेवा सुधारावी. यांवर दोन्हीकडून होकार आला. व्ही-तैवानच्या निष्कर्षांचं सरकारवर कायदेशीर बंधन नव्हतं आणि पुढे त्याचा वापरही रोडावला, हे खरं. तरी एक बटण काढल्याने एवढं घडतं हे पाहून, इतकी वर्षं ते बटण अटळ मानून आपण एकमेकांचे किती गळे धरले, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

स्वतःचं असं ठिकाण उभारायचं तर आज कुणाची परवानगी लागत नाही. ‘लेमी’ ही प्रणाली फुकट मिळते, आपल्या यंत्रावर बसवता येते आणि इतरांच्या लेमीशी जोडताही येते. रेडिटने बाहेरच्या अ‍ॅपना मोठी फी लावायचं ठरवल्यावर जून २०२३ मध्ये तिथले हजारो गट निषेध म्हणून बंद झाले, तेव्हा कितीतरी लोक इकडे वळले. लेमीची क्रमवारी कशी लागते ते तिच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं आहे: मतांचा लॉग घ्यायचा, बातमीच्या वयात दोन तास मिळवून त्याचा १.८ वा घात करायचा आणि त्याने भागायचं. १.८ पसंत नसेल तर दुसरा आकडा घाला, पण जो घालाल तो आपल्या वाचकांना पहिल्याच दिवशी सांगा.